हळूबाईची खोली

मावशींनी बादलीत टॉवेल बुडवला, जरासा पिळला आणि हळूबाईच्या दाराशेजारच्या दोरीवर टाकला. टोकांतून पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा मागे सरून त्यांनी नीट पाहून घेतलं. आत्ताच कोणीतरी आंघोळ करून आत गेलं असावं, असं वाटत होतं. मग काखेतला जुन्या चपलांचा जोड त्यांनी दारापुढे ठेवला. एक सरळ, एक जरा तिरकी. मुली चपला अशाच काढतात.

वरच्या मजल्यावरच्या जवळजवळ निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. दरवर्षी मुली पहिल्या वर्षाला गलका करत यायच्या आणि पुढे एकेक करून कमी व्हायच्या. कुणाचं लग्न ठरायचं, कुणाचे विषय राहायचे, कुणी नुसतीच गप्प होत जायची आणि एके दिवशी बॅग उचलायची. पदवीपर्यंत पोचायच्या त्या मोजक्याच. मागे राहिलेल्या बादल्या, टॉवेल, चपला मावशी जिन्याखालच्या अडगळीत टाकायच्या. यंदा कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार म्हणून तेच सामान रेक्टरबाईंनी बाहेर काढायला लावलं होतं. गळती वाढलेली दिसली तर कॉलेजचा दर्जा जाणार, दर्जा गेला की वसतिगृहाला टाळं लागणार, आणि मग तुम्ही कुठे जाल मावशी, असं त्यांनी मायेनंच विचारलं होतं. मावशींना जायला जागा नव्हतीच. नवरा गेल्यापासून त्या अडगळीला लागूनच त्यांची पथारी होती.

हळूबाई तिसऱ्या वर्षाची. बोलायची हळू, चालायची हळू, पानावरून उठायचीही सगळ्यांच्या मागून, म्हणून मुलींनी हे नाव ठेवलेलं. तिचे आधी दोन विषय राहिले, मग आणखी राहिले. थंडी पडायच्या आधी एका सकाळी ती खांद्याला पिशवी लावून जिना उतरली. मावशी फरशी पुसत होत्या. घरी चाललीस का, असं त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली आणि पुसलेल्या पायऱ्या खराब होऊ नयेत म्हणून कडेकडेनं उतरून गेली.

मावशींनी ते रेक्टरबाईंच्या कानावर घातलं, घरी कळवायचं का, तेही विचारलं. घरीच तर गेली आहे, मग घरी काय कळवायचं, असं रेक्टरबाई म्हणाल्या. शिवाय कळवलं की मुलगी सोडून गेल्याची नोंद करावी लागते. कमिटी येऊन जाईपर्यंत नाव आहे तिथे राहू दे. मावशींना ते पटलं होतं. आता थंडी सरत आली होती.

खाली हॉलमध्ये कपबशा वाजायला लागल्या. कमिटी आली होती. मावशी बादली घेऊन उतरणार, तोच एक माणूस वर आला. पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, नखांच्या कडांना पांढरा रंग. वर यायला बंदी आहे हे माहीत आहे, पण खाली बसवेना, असं तो म्हणाला. घरं रंगवायचं काम करतो, हेही त्यानं न विचारता सांगितलं. मग मुलीचं नाव सांगितलं. हळूबाईचा बाप होता तो. मावशींनी कठडा धरला.

खाली तो रेक्टरबाईंना भेटला होता. मुलगी तासाला गेली असेल, पाहुणे गेले की बोलू, असं त्या घाईघाईत म्हणाल्या होत्या. मुलीचा फोन लागत नव्हता. आधी परीक्षा आहे, फोन करू नका, असा तिचा निरोप आला आणि मग फोनच बंद.

"सुट्टीत आली असेल ना घरी?" मावशींनी विचारलं.

"कुठली! उन्हाळ्यानंतर घराचं तोंड नाही पाहिलं तिनं. मी म्हटलं, अभ्यास असेल. तिच्या आईचं आपलं रोज एकच, जाऊन बघून या."

इथे सगळे समजत होते ती घरी आहे. घरचे समजत होते ती इथे आहे. इतके दिवस तिला कोणी शोधलंच नव्हतं.

तोवर रंगारी दारावरची नावाची चिठ्ठी वाचत पुढे गेला होता. त्यानं चपला पाहिल्या, या कधी घेतल्या हिनं, असं पुटपुटला. दोरीवरच्या टॉवेलला दोन बोटं लावली आणि त्याचा चेहराच सैल झाला. भिंतीला टेकून तो एकटाच हसला. मग त्यानं फोन काढला. त्याला कमी ऐकू येत असावं, कारण पलीकडचा बायकोचा आवाज मावशींपर्यंत येत होता.

"अगं, आहे ती," तो म्हणाला. "आत आहे. टॉवेल ओला आहे अजून."

पलीकडे ती आधी रडली, मग चिडली. दार वाजवा की, उभे काय राहिलात. तिचं आवरत असेल, बापानं असं दार वाजवायचं का, असं तो समजावत राहिला.

खाली खुर्च्या सरकल्या. जिन्यावर पावलं वाजू लागली आणि रेक्टरबाईंचा आवाज वर यायला लागला. हा मुलींचा मजला, आमच्याकडे आलेली मुलगी सहसा सोडून जात नाही. मावशींनी बादली खाली ठेवली. गप्प राहिलं तर कमिटी बघून निघून जाणार होती. आणि हा माणूस संध्याकाळपर्यंत या दारापुढे थांबला असता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तो टॉवेल मी ओला केलाय. चपलाही मीच ठेवल्यात. पोर इथे नाही. थंडीच्या आधीच गेली. घरी चाललीस का विचारलं, तर नुसती मान हलवली तिनं."

त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग टॉवेलला लावलेली दोन बोटं शर्टाला पुसली.

रेक्टरबाई वरच्या पायरीवर पोचल्या होत्या, मागे कमिटीची माणसं. पालकांना वर परवानगी नसते, असं त्या हसून म्हणाल्या.

"अहो, बाहेर आली का?" फोनमधून आवाज आला. "तिला द्या ना जरा."

रंगाऱ्यानं फोन कानापासून काढला. बंद केला नाही. हात लांब करून त्यानं तो दारापाशी धरला, आणि आई त्या बंद दाराशी बोलत राहिली.