बिनसाखरेचं स्थळ

मुलगा मुलीला बघायला घरी येणार नाही, हे कळल्यापासून आत्माराम परबांचा चेहरा उतरला होता. विघ्नेशने फोनवर सांगितलं होतं, "न्यूट्रल जागी भेटू, काका. अंबाडी रोडला नवीन कॅफे उघडलाय." जणू दोन देशांचा तहच व्हायचा होता.

क्षितिजाची काही हरकत नव्हती. मग परबांनीच तोडगा काढला. गोखिवऱ्याहून ते लेकीसोबत येतील, पण शेजारच्या टेबलावर पाठ करून बसतील. पाठ फिरवली की बाप दिसेनासा होतो, असा त्यांचा समज होता.

कॅफेचा मालक शॉन वसईचाच. बारा वर्षं बोटीवर नोकरी करून आलेला. त्याने परबांसमोर भातुकलीतला शोभेल एवढा कप ठेवला.

"चिकमगळूरच्या एकाच मळ्यातली आहे, अंकल. आधी संत्र्याची चव लागेल, शेवटी गुळाची."

"मग थोडा गूळच घाल ना वरून. आणि दूध."

"नाही घालत आम्ही. साखर हवी तर काउंटरवर आहे," शॉन म्हणाला. 'आजारी माणसांसाठी' एवढंच तो बोलायचा राहिला.

परबांनी एक घोट घेतला. संत्रं आलं नाही, गूळही आला नाही. लहानपणी तापात मिळायचा तो काढा मात्र ओळख देऊन गेला. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस. त्यांनी निमूटपणे गिळलं.

पाठीमागे विघ्नेशचं व्याख्यान चालू होतं. दाणे कसे भाजतात, पाणी किती गरम हवं, आपल्या लोकांना कॉफी कशी कळतच नाही.

"मला साखर लागेल," मध्येच क्षितिजा म्हणाली.

विघ्नेश हसला. "साखरेने मूळ चव मरते. हळूहळू टेस्ट डेव्हलप होईल तुझी."

"होईल. आज साखर घेते." तिने उठून एक पुडी आणली.

थोड्या वेळाने ती हात धुवायला गेली. लगेच विघ्नेश कप घेऊन परबांच्या समोरच्या काउंटरशी आला, त्याने चार पुड्या फाडल्या, घाईघाईने ढवळलं आणि उभ्याउभ्याच अर्धा कप संपवला. वळताना त्याची नि परबांची नजरानजर झाली. परबांनी सभ्यपणे पेपरात डोकं घातलं. खरं तर त्या क्षणी त्यांना तो मुलगा पहिल्यांदाच आवडला.

रिक्षात क्षितिजा म्हणाली, "नको, बाबा. कळवून टाका."

"घाई काय आहे? रविवारी बघू," परब म्हणाले. त्या चार पुड्यांनी त्यांचं मन विरघळलं होतं.

शुक्रवारी विघ्नेशच्या आईचाच फोन आला. "मुलगी गुणी आहे हो. पण आमच्या विघ्नेशच्या आवडीनिवडी जरा वरच्या. तिला म्हणे कॉफीत साखर लागते."

"लागते ना. तिला एक पुडी लागते, वहिनी. तुमच्या चिरंजीवांना चार लागल्या. माझ्यासमोरच फाडल्या त्यांनी."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

आता लेक हसेल, पाठ थोपटेल, अशा आशेने परब वळले. क्षितिजा दारात उभी होती.

"म्हणजे नकार त्यांनी दिला? माझ्याआधी?"

"अगं, पण तुला तरी कुठे..."

"मी मंगळवारी रिक्षातच कळवा म्हटलं होतं, बाबा."

त्यानंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.