एक मशीन, दोन घरं

"जाऊबाई, तिकडून धरा. भिंतीला घासू नका, रंग गेला तर साहेब विचारेल."

"रंगाचं काय घेऊन बसलीस! इथे माझा जीव चाललाय," थोरली जाऊ धापा टाकत म्हणाली.

धाकटीने, बॅगा शिवणाऱ्या बॅगवालीने, शिलाई मशीन जावेच्या खोलीत टेकवलं. मशीन बॅगवालीचं. कर्ज मात्र दोघींनी घेतलेलं, एकाच संस्थेकडून, मशीनसाठी म्हणून. बॅगवालीने मशीन आणलं आणि पहिलं कर्ज फेडूनही टाकलं. जावेचे पैसे मोठ्या दिरांच्या आजारपणात गेले. तरी जावेने लोकांची भांडी घासून एकही हप्ता चुकवला नव्हता. पण संस्थेला नुसता हप्ता पुरत नाही, कर्ज फिटेपर्यंत वस्तूही दिसावी लागते. नाही दिसली तर सगळी रक्कम एकदम परत.

बेत सोपा होता. तपासणीचा साहेब आधी जावेकडे यायचा, मग शेजारच्या मेणबत्तीवालीकडे चहाला टेकायचा. तेवढ्यात मशीन मागच्या बोळातून बॅगवालीच्या घरी. मेणबत्तीवालीचा चहा आणि तिच्या तक्रारी, दोन्ही लवकर संपत नसत.

नेमकं आज साहेबाचं पोट बिघडलं होतं. चहाला लांबूनच हात जोडून तो सरळ बॅगवालीच्या दारात उभा राहिला.

"हं, दाखवा मशीन."

खोलीत चेनची रिळं, कापलेलं कापड, शाळेच्या बॅगांचा ढीग. आणि खिडकीपाशी रिकामी जागा. बॅगवालीचं दुसरं कर्ज साहेबाच्या आजच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. ते मिळालं की दुसरं मशीन, हाताखाली एक बाई आणि दुकानदाराची मोठी ऑर्डर. नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. दुकानदाराने तसं तोंडावर सांगितलं होतं.

"बॅगा काय तोंडाने शिवता?"



साहेबाने एक बॅग उलटी करून आतली शिवण पाहिली. त्याचा आवाज उतरला. "तुमच्या जाऊबाईंकडे मशीन बघितलं. चकाचक! पण घरात दोऱ्याचं टोक नाही. इथे दोरे पायात येतायत आणि मशीनचा पत्ता नाही. मी काय दुधखुळा आहे, बाई? ते मशीन कोणाचं, एवढंच सांगा. तुमचं कर्ज आजच पुढे पाठवतो."

"आणि त्यांचं?"

"त्यांचं नियमाप्रमाणे."

मागच्या बोळात काहीतरी जड घासत येत होतं. मागच्या दाराशी आलं आणि थांबलं.

बॅगवालीने तो आवाज ऐकला. बोलली ती जरा मोठ्यानेच. "ते त्यांचंच आहे. माझं मी विकलं."

"धंदा चांगला चालला होता हो तुमचा," साहेब म्हणाला, शेरा लिहिला आणि गेला.

तिने मागचं दार उघडलं. जाऊ मशीन अंगावर तोलून धरून उभी होती. "अक्कल गहाण टाकलीस का गं? सांगून टाकायचं होतंस!"

"आधी आत घ्या. बोट चेपेल."

दोघींनी मशीन खिडकीपाशी ठेवलं. जाऊ तोंड फिरवून उभी राहिली. बॅगवाली खाली बसली. मोठ्या ऑर्डरच्या भरवशावर कापलेल्या कापडातून तिने एका मशीनला झेपेल तेवढं वेगळं काढलं, आणि उरलेलं नीट घडी घालून खाटेखाली सरकवलं.