दुसऱ्या मजल्यावरचा खांब

नवीन पनवेलमधल्या त्या सोसायटीत आपली इमारत धोकादायक ठरावी म्हणून सगळे मनापासून झटत होते. धोकादायक ठरली की पाडायची, पाडली की बिल्डर मोठे फ्लॅट देणार. म्हणून सेक्रेटरी सत्यजीतने गळती बुजवायला बंदी घातली होती. कोणाच्या छताचा पोपडा पडला की शेजारी अभिनंदनाला जात.

दुसऱ्या मजल्यावरच्या माधुरीला या कशाचंच काही वाटत नव्हतं. दिवाळीत नवरा, शैलेश, गेला, तेव्हापासून ना रडू, ना भूक. लोक समाचाराला येत. त्यांचे ओठ हलताना दिसत, शब्द सोफ्यापाशीच राहत. पोचायचं ते एकच. दुपारी ती हॉलमधल्या खांबाला पाठ टेकून बसे, आणि खालच्या मजल्यावर नाझियाभाभी खलबत्ता घेऊन मसाला कुटत. कानाला तो ठोका जेमतेम ऐकू येई, पण खांबातून चढून थेट कण्यात लागे. तेवढा वेळ आपण आहोत, असं तिला वाटे. इमारत गेली की तेही जाणार. सभेत ती बोलली नाही. असली हरकत इतिवृत्तात लिहिणार तरी कशी?

तपासणीला रंजिता नावाची तरुण इंजिनिअर आली. खांबाचा गिलावा खरवडून तिने दोन्ही बाजूंना जेल फासलं आणि यंत्राची एकेक डबी टेकवली.

"हा चिकटा कशाला?" सत्यजीतने विचारलं.

"मध्ये हवा राहिली तर आवाजाची लाट तिथंच अडते, काका. काँक्रीट भरीव असेल तर सरळ पलीकडे जाते. आत भेगा असतील तर वळसा घालून उशिरा पोचते."

"पोचू दे उशिरा. आम्हाला घाई नाही."

रंजिताने आकडा पाहिला. "हा तर एकदम ठणठणीत आहे!"

सत्यजीतचा चेहरा सुतकी झाला. "वहिनी, तुम्ही काही लावलंत का याला?"

"पाठ," माधुरी म्हणाली.

त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

पण एका खांबावर इमारत तरत नाही. बाकीच्या खांबांतून लाट रखडत, ठेचकाळत गेली होती. अहवाल आला आणि सत्यजीत पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात हजर.

"तोंड गोड करा, वहिनी! धोकादायक ठरलो!"

माधुरीने पेढा घेतला. खाल्ला. पेढा होता एवढं कळलं. मग ती जिना उतरून खाली गेली.

"ये गो, माधुरी," नाझियाभाभींनी दार उघडलं. "किती दिवसांनी! बस."

"भाड्याने कुठे जाताय, भाभी?"

"सुकापूरला. आमच्या नावेदने बघून ठेवलंय. का गो?"

"तिथे वरचा फ्लॅट रिकामा आहे का?"

"वरचा? समोरचा हाय की रिकामा. दार उघडं ठेवलं की बसल्या बसल्या बोलता येईल."

"नको," माधुरी म्हणाली. "वरचाच बघा."