अर्ध्या टक्क्याची सावधगिरी

उन्हाला कसलीच घाई नव्हती. समोरच्या इमारतीच्या काचांवरून घसरत ते तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत तिरपे उतरे. आधी खिडकीच्या कठड्यावरची धूळ उजळून टाकी, मग रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी एकेक करून चाचपी, कुणाच्या तरी विसरलेल्या छत्रीपाशी क्षणभर रेंगाळे आणि शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या काळ्या टेलिफोनवर अंग टाकून देई. तोवर सव्वानऊ वाजलेले असत. विमा कंपनीतला तो अबोल गणिती तासभर आधीपासून त्या टेलिफोनसमोर बसलेला असे. आपण ऊन पाहायला लवकर येतो, असे तो स्वतःला सांगे.

त्याचे काम सांगायला सोपे होते. कंपनीने ग्राहकांना वचन दिले होते : तुमचे पैसे शेअर बाजारात गुंतवू, वाढले तर तुमचेच, पण बाजार बुडाला, तरी वीस वर्षांनी मुद्दल पूर्ण परत. बाजार पडला की हे वचन कंपनीच्या गळ्याशी येणार. म्हणून तो बँकेमार्फत बाजाराचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, आजच्या भावाने आधीच विकून ठेवी. बाजार घसरला, तर त्या वायद्यांवरच्या नफ्यातून वचनाचे भोक बुजावे, एवढाच हेतू. बाजार हलेल तशी वायद्यांची संख्याही थोडी बदलावी लागे. ‘थोडी’ म्हणजे किती, हे नियमात लिहिले होते : हवे तितके वायदे आणि हाती असलेले वायदे यांत पाच टक्क्यांची तफावत पडली, की बँकेला फोन. चार महिन्यांपूर्वी बँकेच्या फोनवर एक नवा आवाज आला, आणि त्याच आठवड्यात गणितीने ती मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली. निव्वळ सावधगिरी म्हणून.

“बोला, आज काय विकायचंय?” एका सकाळी त्या आवाजाने विचारले.

“तीन वायदे.”

“तीनच? अहो, एवढ्यासाठी बाजाराला झोपेतून उठवायचं?”

“तफावत पाऊण टक्क्यावर गेलीय.”

“बाप रे! मग आज तुम्हाला घास गिळवणार नाही.” ती हसली. “आणि खोकला अजून आहेच का?”

त्या हसण्यावर त्याचा अख्खा दिवस निभावून जाई.

त्याच दुपारी विभागप्रमुख बाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावले. त्यांच्या पुढ्यात दलालीचे बिल होते आणि कानांवर हेडफोन. व्यवहाराचे सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात, याचा विसर साऱ्या कंपनीत त्या एकट्यालाच पडला होता.

“बस रे बाबा. चार महिन्यांत बासष्ट फोन! आणि बाजार इतका निपचित, की नाकाशी सूत धरून बघावं. जोखीम कुणाची कमी करतोयस?”

“कंपनीची, मॅडम. तफावत वेळीच—”

“हं. या फोनमध्ये वायदे अर्धं मिनिट आहेत आणि तुझा खोकला साडेसहा मिनिटं. औषधंसुद्धा दोन सुचवलीत तिने.”

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“सोमवारपासून हे काम संगणक करेल,” हेडफोन उतरवत त्या म्हणाल्या. “आणि बासष्टांतले गरजेचे किती, ते मला आजच लिहून दे. चार पानं सारवासारव नको. आकडा हवा.”

जागेवर येऊन त्याने ‘जोखीम ही बहुपेडी संकल्पना असून’ एवढे लिहिले आणि खोडले. मग जुनी पाच टक्क्यांची मर्यादा लावून हिशेब केला. संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या आकड्यावर त्याने दुसरी खिडकी ओढली, पुन्हा बाजूला सारली आणि फोन उचलला.

“हे काय, एकाच दिवसात दुसऱ्यांदा? बाजार हलला की काय?”

“नाही.”

“मग काय विकताय?”

“काही नाही.”

“काही नाही, हे मी कुठल्या भावाने विकू?”

एरवी इथे तो हवापाण्याच्या गप्पांकडे वळला असता. हवा उत्तमही होती.

“सोमवारपासून तुम्हाला संगणक कळवेल.”

पलीकडची कळफलकाची टकटक थांबली. “बरं,” ती म्हणाली. “त्याला खोकला होतो का?”

त्याला हसायचे होते. खोकला आला. “आमच्या मॅडमना एक आकडा हवाय,” तो म्हणाला. “तो आधी तुम्हाला सांगतो.”

“सांगा.”

“बासष्ट फोनांतले बाजारासाठी दोनच होते. उरलेले साठ मी तुमचा आवाज ऐकायला केले.”