साठीची ट्रायल

दहाकाकांना साठीला काय द्यायचं, हा प्रश्न बाबांनी बावीस वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता. गॅरेजमधल्या हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एका मासिकातलं पान चिकटवलेलं होतं. पिवळी, जमिनीला पोट टेकवून बसलेली, दोनच माणसांची गाडी. कपाट उघडलं की ती दिसायची. "तुझ्या साठीला हिची ट्रायल घेऊ," बाबा म्हणाले होते, आणि काकांनी ग्रीसच्या बोटाने पानाच्या कोपऱ्यात तारीख लिहून ठेवली होती. माणसं पलटतात म्हणून.

बाबा पलटले नाहीत, गेले. त्याला आठ महिने झाले होते आणि कोपऱ्यातली तारीख पुढच्या महिन्यात येत होती.

दहाकाका माझे सख्खे काका नव्हेत. ते बाबांचे गॅरेजमधले भागीदार. दहा नंबरचा पाना दिवसातून दहा वेळा हरवायचा आणि गाडीखालून त्यांचा आवाज यायचा, "दहा कुठेय? माझा दहा कोणी घेतला?" म्हणून बाबांनी त्यांचं नाव दहा ठेवलं. पाना बाबाच लपवतात, हा काकांचा कायमचा आरोप होता. बाबा तो कधी मान्य करत नसत आणि कधी नाकारतही नसत. मला दोघं हॉर्न म्हणायचे, कारण लहानपणी मी एकदा सुरू झाले की थांबायची नाही. आता मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते आणि दिवसभरात चार वाक्यं बोलते. नाव मात्र तेच राहिलं.

गॅरेजची वाटणी साधी होती. हात काकांचे, कान बाबांचे. दुरुस्ती झाली की बाबा गाडी ट्रायलला काढायचे. शाळेला सुट्टी असली की मी शेजारी. काचा वर, पंखा बंद, तोंड बंद. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, वळायचं, यायचं. गॅरेजच्या कोपऱ्यावर बाबा इंजिन बंद करत आणि विचारत, "काय म्हणाली?"

सात वर्षांची असताना मी एकदा म्हटलं, "भूक लागली म्हणाली." बाबांनी काट्याकडे बघितलं. टाकी खरंच रिकामी होती. ही गोष्ट त्यांनी पुढची वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली.

बाबा गेल्यावर काकांनी ट्रायल घेणंच सोडलं. एकदा ब्रेकचं काम करून त्यांनी एक गाडी तशीच दिली आणि ती दोन दिवसांत कुरकुरत परत आली. बाबांना तो आवाज पहिल्या वळणावर कळला असता. काकांनी काम पुन्हा करून दिलं, माफी मागितली, आणि त्या संध्याकाळी मला फोन केला.

"हॉर्न, साठीला शटर खाली. ठरलं."

"काका, अहो असं एकदम?"

"एकदम कुठे? आठ महिने विचार करतोय. हात आहेत, कान नाहीत. अर्ध्या माणसाने गॅरेज चालवू नये, कोणाचा तरी जीव जाईल."

मला गॅरेज चालवायचं नव्हतं, मला तर साधी स्टेपनी बदलता येत नाही. पण त्या शटरमागे बाबांचं स्टूल होतं, बसून बसून एका बाजूला कललेलं. शटर पडलं तर ते कुठे ठेवायचं, हे मला ठरवावं लागलं असतं. तेवढं मला नको होतं.

पिवळ्या गाडीचा शोध मी सुरू केला तो या भीतीने. नंतर मात्र त्यात रमले, हे कबूल करायला हवं. अशा गाड्या तासावर चालवायला देणारे लोक आहेत, हेच मला माहीत नव्हतं. वाचायला लागले तशी माझी धंद्याची सवय जागी झाली. ठळक अक्षरांकडे मी बघतच नाही, मी फुल्या शोधते. जिथे शब्दाच्या डोक्यावर फुली असते तिथे खाली बारीक अक्षरांत खरी गोष्ट असते.

पहिल्या ठिकाणी "थरार" होता, टोपी होती, चित्रफीत होती. फुलीखाली लिहिलं होतं की गाडी एकच फेरी, तीही पुढच्या गाडीच्या मागून, तिला न ओलांडता. म्हणजे वरातीत चालायचं. दुसऱ्या ठिकाणी पाच गाड्या, प्रत्येकीची एकेक फेरी. एकाने अभिप्रायात लिहिलं होतं, "सीट जुळवेपर्यंत उतरा म्हणाले." मी वहीत रकाने आखले. स्टिअरिंग प्रत्यक्ष हातात किती मिनिटं? वेग कोण ठरवणार? शेजारी बसणारा शिकवतो की नुसता ओरडतो? वयाची अट काय? आणि काकांसाठी एक खास रकाना: गाडी आतून बघू देतात का?

तिसरं ठिकाण म्हणजे एक बंद पडलेली विमानाची धावपट्टी. तिथे एकच गाडी होती, योगायोगाने पिवळी, आणि सलग अर्धा तास. मी फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजात सकाळचा चहा.

"बॉनेट उघडून दाखवता का?" मी विचारलं.

"दाखवू की. पण त्यात डिकी आहे."

"म्हणजे?"

"इंजिन मागे असतं, मॅडम. सीटच्या पाठीला."

"मग मागचं उघडाल?"

"पैसे चालवायचे देताय, की बघायचे?" त्या हसल्या. "चालवणारे कोण आहेत?"

"मेकॅनिक. साठीचे."

"मग त्यांना अर्धा तास आधीच घेऊन या. आमचे मेकॅनिक गाडी तापवतात, तेव्हा बघता येईल. हे जाहिरातीत नाहीये, कोणी विचारतच नाही."

माझ्या वहीत त्या ठिकाणापुढे बरोबरची खूण झाली. भेटपत्रावर काय छापायचं असं त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे तयार मजकूर होता, "वेगाचा आनंद लुटा" वगैरे. मी म्हटलं, नको, "दहाकाका, साठीची ट्रायल" एवढंच छापा. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द तपासणारी मी. तो एक शब्द मात्र मी तपासला नाही.

काकांना पत्र दिलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं, कपाट उघडून चित्राशेजारी धरलं, आणि म्हणाले, "इंजिन मागे? मग पुढे काय?"

"डिकी."

"उलटी घातलेली बनियन म्हणजे." मग त्यांनी कपाट लावून घेतलं. "ट्रायल म्हणतेस. बरं. येतो."

साठीच्या दिवशी काका धुतलेला शर्ट घालून, खिशात स्वच्छ फडकं घेऊन आले. धावपट्टीवर वारा होता, शंकूंनी आखलेली वळणं होती आणि पत्र्याची एक शेड. शेडमध्ये पिवळी गाडी मागचं झाकण उघडून उभी होती. तिथला मेकॅनिक काकांच्याच वयाचा. दोघांनी एकमेकांच्या नखांकडे बघितलं आणि ओळख झाली. पंधरा मिनिटं दोघं झाकणाखाली वाकलेले होते. मला फक्त पाठी दिसत होत्या आणि मधूनमधून काकांचं "अरे वा" ऐकू येत होतं. माझ्या वहीतला शेवटचा रकाना भरला.

मग शेजारी बसणारे प्रशिक्षक आले. दणकट, हसरे. त्यांनी काकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. काकांनी हेल्मेटवरून कानांच्या जागी हात फिरवला.

"यात ऐकू येत नाही काही," ते म्हणाले.

"ऐकायचं काय, काका? दाबायचं!" प्रशिक्षक म्हणाले.

काकांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला कळली. मी त्यांना अशा जागी आणून बसवलं होतं, जिथे कान असूनही चालले नसते.

गाडी निघाली. आवाज असा की माझ्या हातातल्या कागदी पेल्यातला चहा थरथरला. मी कठड्याला टेकून पुढच्या गर्जनेची वाट बघत राहिले. ती आलीच नाही. पहिली फेरी संपवून पिवळी गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा तिच्यावर माशी बसलेली असती तर ती उडाली नसती. मला वाटलं, ओळख करून घेताहेत. दुसरी फेरी, तोच वेग. काच अर्धी उघडी होती, त्यातून प्रशिक्षकांचा आवाज आला. "काका, दाबा! पळायला जन्मलीय ती!" काका सरळ समोर बघत होते. स्टिअरिंग त्यांनी बोटांच्या टोकांवर धरलं होतं, गरम भांडं धरावं तसं.

तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं. काच वर गेली होती. काकांचा जबडा मिटलेला होता. ते मजा करत नव्हते. मी ट्रायल लिहिलं होतं, ते ट्रायल घेत होते.

एवढ्या फुल्या तपासल्या आणि ज्या शब्दावर सगळं उभं होतं तोच चुकीचा पडला. अर्ध्या तासातली वीस मिनिटं ताशी तीसने संपत होती. चौथ्या फेरीत गाडीने उजवीकडचं लांब वळण घेतलं, मग विनाकारण तेच वळण पुन्हा घेतलं, थोडं वेगात. मग तिसऱ्यांदा. आणि वेळ संपायच्या आत गाडी शेडमध्ये परत आली.

प्रशिक्षक उतरले ते हात झटकत. "मॅडम, तुमचे काका म्हणजे कमाल आहेत. दहा मिनिटं सोडून दिली!"

काकांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि त्यांच्याकडे न बघता मेकॅनिकला म्हणाले, "पुढचं डावं चाक. बेअरिंग."

"सकाळीच बघितली मी गाडी," मेकॅनिक म्हणाला. "आवाज नाही काही."

"आवाज मलाही नाही. डोक्यावर तो टोप होता, ह्यांचा ओरडा होता, मागे ते इंजिन. ब्रह्मदेवाला ऐकू आलं नसतं." काकांनी आपली बोटं वर धरली. "सरळ जाताना काही नाही. उजवीकडे वळलं की डाव्या चाकावर भार येतो, आणि इथे मुंग्या येतात. भार काढला की मुंग्या गेल्या. तीनदा बघितलं."

मेकॅनिकने जॅक लावला. चाक हवेत आल्यावर वर एक हात, खाली एक हात ठेवून त्याने ते हलवलं. टक्. फार बारीक. पुन्हा टक्. प्रशिक्षकांचं हसू गेलं. फोनवरच्या त्या बाई ऑफिसातून बाहेर आल्या आणि पुढचं गिऱ्हाईक कठड्याशी उभं होतं त्याला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, आज गाडी नाही.

"उरलेली दहा मिनिटं तुमची बाकी राहिली," त्या काकांना म्हणाल्या. "चाक झालं की या."

"येईन. मग दाबतो," काका म्हणाले.

परतताना माझी छोटी गाडी मी चालवत होते. काका शेजारी बसून आपल्या बोटांकडे बघत होते. बराच रस्ता गेला.

"हेल्मेटात तुझ्या बापालाही काही कळलं नसतं," ते एकदम म्हणाले.

"नसतं."

"बसला असता डोकं खाजवत." त्यात आनंद होता, चोरटा. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा बदलला. "पंखा बंद कर. काच वर घे."

मी पंखा बंद केला, काच वर घेतली. आम्ही दोघं गप्प. रस्त्याचे खड्डे, वळण, एक गतिरोधक, आणखी एक. गॅरेजच्या कोपऱ्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि कोणी न सांगता इंजिन बंद केलं.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

आठ महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"मागे काहीतरी वाजतं," मी म्हटलं. "डिकीत, उजवीकडे. खड्ड्यात नाही, गतिरोधकावरून उतरताना."

"कधीपासून?"

"आठ महिने."

"मग बघितलं का नाहीस?"

बघितलं नव्हतं, कारण काय वाजतं ते मला माहीत होतं. गॅरेजमधल्या खिळ्यावर टांगलेली बाबांची कापडी पिशवी मी ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी डिकीत टाकली होती आणि ती तिथेच होती. काका उतरले. मी डिकी उघडली. पिशवीत बाबांचा स्टीलचा डबा होता, चष्म्याचं घर होतं, एक फडकं. काकांनी हात तळापर्यंत घातला आणि मुठीत काहीतरी घेऊन बाहेर काढला. मूठ उघडून आकडा वाचायला त्यांना चष्मा लागला नाही.

"दहा," ते म्हणाले. "चोर साला. मला माहीत होतं."

पाना फडक्याने पुसला, खूप वेळ पुसला, मग शर्टाच्या खिशात टाकला. डबा माझ्या हातात दिला.

"घास तो. सोमवारी साडेनऊला ये. आत एक पांढरी गाडी तीन आठवडे उभी आहे, काम झालंय, ट्रायल राहिलीय. मी चालवतो, तू बस."

"आणि शटर?"

"वर केल्याशिवाय गाडी बाहेर कशी काढणार, हॉर्न?"