डाव्या बाजूने आलेला चेंडू

मधला स्टंप आडवा झाला तेव्हा ड्रायव्हरकाकांची बॅट अजून वरच होती. आपण बाद झालो हे त्यांना आवाजावरून कळलं. पाठीमागचा यष्टिरक्षक ओरडला, मग अख्खी शाळा ओरडली. काकांनी खाली वाकून खेळपट्टी थोपटली, म्हणजे दोष कुणाचा ते सगळ्यांना कळावं, आणि बॅट काखोटीला मारून परतले.

मुरलेल्या गड्यांशी खेळल्याशिवाय पोरं घडत नाहीत, असं पीटीच्या सरांचं मत. म्हणून दर हिवाळ्यात शाळेचा संघ आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांचा, म्हणजे सुटलेल्या पोटांचा, संघ असा सामना व्हायचा. त्यात एक नियम होता: जो बाद करेल त्यानेच बाद झालेल्याला बाजूला बसवून कारण सांगायचं. नियम काकांनीच सुचवलेला. तो दोन्हीकडून लागू होतो हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण शाळेच्या बसचा हा ड्रायव्हर पोरांच्या हाती लागतच नसे. पोरं त्यांच्या फिरकीला जेवढी घाबरत, त्याहून जास्त त्यानंतरच्या प्रवचनाला.

आज काडी समोर येऊन उभा राहिला. वारा सुटला तर उडून जाईल असा नववीतला पोरगा.

"काका, बसायचंय ना आपण?"

"बस की. बोल, मास्तर."

काडी गवत उपटत राहिला.

"समोरून टाकला की तुम्ही मस्त खेळता. पण मी तुमच्या डाव्या बाजूला जाऊन टाकला की उशीर होतो. दोनदा बघितलं. मग तिसरा तसाच टाकला."

"उन्हाची तिरीप आली रे डोळ्यावर."

काडीने वर बघितलं. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं.

"तुम्हीच सांगितलेलं, चेंडू टाकताना समोरच्याची मान बघायची. तुमची मान आधी वळते, काका. मग तुम्हाला चेंडू दिसतो."

काका हसले. हसणं मनासारखं जमलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनीही हेच सांगितलं होतं, फक्त मशीन लावून. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलं ते गेलं, परत यायचं नाही. गाडी चालवणं आजपासून बंद. त्या 'आज'ला पावसाळा उलटून गेला होता. घरी बायकोला त्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब धुळीसाठी आहेत म्हणून सांगितलं होतं. मुलगी कॉलेजात होती, आणि काकांना दुसरं कुठलंही काम येत नव्हतं. रस्ता पाठ आहे, आरसे मोठे आहेत, अशी स्वतःची समजूत घालत ते रोज पोरं ने-आण करत होते.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"शहाणा आहेस."

काडीला ही शाबासकी आवडलेली दिसली नाही. तो उठला आणि चड्डीची माती झटकत निघून गेला.

सामना शाळेने जिंकला. बसमध्ये नुसता कल्ला. काका स्टिअरिंगवर बसले, तर काडी नेहमीची मागची जागा सोडून पुढे, डाव्या खिडकीशी येऊन बसलेला.

"काय रे काड्या, मागे कुणी घेत नाही वाटतं?" कुणीतरी खिजवलं.

काकांनी गिअर टाकला, आरशात बघितलं, बस फाटकाबाहेर काढली.

"काका, सायकल," काडी हळूच म्हणाला. "डावीकडून."

काकांनी ब्रेक दाबला. त्यांना रस्ता मोकळाच दिसत होता. मग बसच्या नाकासमोरून सायकल गेली. पुढच्या दांडीवर एक लहान मुलगी पाय हलवत बसली होती.

काकांनी इंजिन बंद केलं. मागची आरडाओरड आणखी वाढली. पीटीचे सर पुढे आले.

"काय हो, काय झालं?"

"दुसरा ड्रायव्हर बोलवा, सर."

"का? बस बिघडली?"

"बस ठणठणीत आहे."

सर त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. काकांनी सावकाश, पूर्ण मान वळवून डावीकडे पाहिलं. काडी अजून रस्त्यावरच नजर ठेवून बसला होता.