शेपटीचे टाके

अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवरचं ते जुनं बॉम्बर आज उडणार होतं, आणि नियाजभाई गादीवाले सकाळपासून त्याच्या शेपटीभोवती घुटमळत होते. इंजिनांची काळजी धर्मपालांची. वायुसेनेतून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं त्यांनी या विमानापायी घातली होती. नियाजभाईंचा जीव अडकला होता शेपटीतल्या सुकाणूत. त्याचा सांगाडा धातूचा, पण वरून मढवायचं ते सुती कापड, आणि तेही गादीसारखे आरपार टाके घालून. अकोल्यात असा दाभण चालवणारे आता तेच उरले होते.

पायलट चढण्याआधी धर्मपालांनी सुकाणू हलवून पाहिलं. आतून डुबुक डुबुक आवाज आला.

"नियाजभाई, काल विमान धुतलं त्याचं पाणी आत बसलं! खालची भोकं कुठी गेली?"

"बुजवली ना. ठिगळं मारून."

"कावून?"

"आता गादीले कोणी भोक ठेवते काय? उंदीर जाते आत!"

धर्मपालांनी कपाळावर हात मारला, अन् त्यांना हसूच फुटलं. "अहो, ती पाणी निघायले ठेवली होती. एवढी जड शेपटी घेऊन उडते काय हे?"

नियाजभाईंचं तोंड उतरलं. चाळीस वर्षांत त्यांची शिवण कुणी उसवायला लावली नव्हती. उडालंच नाही तर लोक म्हणतील, गादीवाल्यानं घात केला. डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, बिल्कीसनं, त्यांच्या नाकावर चष्मा चढवला.

"उभे काय राहिले? चढा शिडीवर."

ठिगळं निघाली तसं पाणी भसाभसा खाली आलं अन् धर्मपालांचे बूट भिजले. नियाजभाईंनी प्रत्येक भोकाची कड शेरवानीच्या काजासारखी बारीक टाक्यांनी बांधली. कापड सुकल्यावर धर्मपालांनी एका बोटानं सुकाणू ढकललं. ते हलकेच वळलं.

दुपारी चारही इंजिनं गरजली. धुरळा उडवत विमान धावलं आणि जमिनीवरून सुटलं. सगळे पंखांकडे पाहत होते, नियाजभाई शेपटीकडे. कपाशीच्या शेतांवर जाऊन सुकाणू डावीकडे झालं, अन् एवढं मोठं धूड मुकाट्यानं त्याच्यामागं वळलं.

"वळलं! माह्या टाक्यानं वळलं ते!"

"ओरडून काय राहिले? लोक पाहतात," म्हणत बिल्कीस स्वतःच दुपट्टा हलवू लागली. मग म्हणाली, "आता घरच्या गादीचं बी पाहा. तीन वर्षांपासून कापूस बाहेर येऊन राहिला."

नियाजभाईंनी शेपटीवरची नजर काढली नाही.

"शिवतो ना. भोक ठेवू काय तिले?"